मस्तिष्कावरणशोथ, कवकजन्य

मस्तिष्कावरणशोथ, कवकजन्य : मेंदू व मेरुरज्जू यांभोवती असलेल्या आवरणांना कवकांच्या (बुरशीच्या) संसर्गामुळे येणाऱ्या दाहयुक्त सुजेस कवकजन्य मस्तिष्कावरणशोथ म्हणतात. सूक्ष्मजंतुजन्य मस्तिष्कावरणशोथ काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उग्र रूप धारण करतो; याउलट हा रोग बहुधा दोन ते चार आठवडे कुरबुरत राहतो आणि त्यामुळेच तो ओळखण्यास उशीर होतो. शरीराची रोगप्रतिकारक्षमता शाबूत असलेल्या व्यक्तीत तो क्वचितच आढळतो. एड्सचे रोगी, मूत्रपिंड इ. अवयवांचे प्रतिरोपण झालेले रोगी, दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणारे, लसीका ग्रंथींच्या कर्करोगाने पीडित असे रोगी यांत तो प्रामुख्याने होतो. उपचार न केल्यास तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. उपचाराने जे बचावतात त्यांपैकी काहींची दृष्टी मात्र कायमची जाते. ही हानी पुष्कळ रुग्णांत कवटीच्या आत वाढलेल्या दाबामुळे होते व तो दाब एका साध्या पोकळ सुईच्या साहाय्याने कमी करता येतो. हे वेळीच झाले, तर अंधत्व बव्हंशी टाळता येते.

रोगकारक व त्यांचा आढळ : या रोगाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे क्रिप्टोकॉकस निओफॉर्मान्स हे कवक होय. ते यीस्टसारखे एककोशिक, गोल व सु. ४ ते १० मायक्रॉन व्यासाचे असते. त्याच्याभोवती बहुशर्करांचे (पॉलिसॅकॅराइडांचे) जाड, बुळबुळीत संपुट असते. ओटो बुसे व अब्राहाम बुश्के या जर्मन वैद्यांनी १८९४ मध्ये हे कवक एका रुग्णाच्या नडगीच्या हाडातील विकृतीतून वेगळे केले. त्याच वर्षी सान्फेलिचे या इटालियन शास्त्रज्ञांना ते पीच फळाच्या रसात आढळले. १९०५ मध्ये फोन हान्झेमान यांनी त्यामुळे झालेल्या मस्तिष्कावरणशोथाचे वर्णन केले. निसर्गात ते कोठे राहते याचा उलगडा होण्यास आणखी अर्धशतक लागले. चेस्टर एमन्स या अमेरिकन कवकवैज्ञानिकांनी १९५५ मध्ये पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत ते विपुल असल्याचे दाखविले. पारवे स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्या शरीराचे तापमान या कवकाच्या वाढीस अनुकूल नसते. भारतात जांभळासारख्या जुन्या झाडांच्या ढोलीतील कुजक्या लाकडातही ते आढळले आहे. पडक्या गढ्या, जुने वाडे, देवळांची शिखरे व विहिरींच्या कपारी ही मराठवाड्यात पारव्यांची नेहमीचीच वस्तिस्थाने आहेत. तेव्हा या कवकाच्या बीजाणूंशी संबंध येणे ही तेथे अपवादात्मक बाब मानता येत नाही. असा संबंध बहुतेकांचा केव्हा ना केव्हा येतो आणि त्यातून काहीही अपाय होत नाही.

क्रिप्टोकॉकस गॅटी ही जवळची दुसरी जाती निलगिरी व इतर वृक्षांशी निगडित असून ती निरोगी प्रौढांनाही पछाडू शकते. अकाली जन्मलेल्या अर्भकांत कँडिडा वंशातील कवके, तर श्वेतकोशिका अतिशय कमी झालेल्या रुग्णांत ॲस्परजिलस वंशातील कवके हा रोग उत्पन्न करतात. २०१२ मध्ये अमेरिकेत पाठदुखीसाठी द्यावयाच्या दूषित स्टेरॉइड अंतःक्षेपणांमुळे (इंजेक्शनांमुळे) एक्सेरोहायलम या एरवी वनस्पतींवर वाढणाऱ्या कवकाची मोठी साथ उद्भवली होती. अशी उदाहरणे असली, तरी भारतातील प्रौढ रुग्णांचा विचार करता क्रिप्टोकॉकस हेच प्रमुख रोगकारक होय आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यासच अनुलक्षून आहे. [→ कवक]

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ या नावाने सर्वतोमुखी झालेला म्यूकरमायकोसिस हा रोग याहून वेगळा आहे. त्यात कवक नाकाशेजारच्या अस्थिविवरांतून (सायनसांतून) नेत्रकोटरात व तेथून मेंदूकडे पसरते, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते आणि रक्तपुरवठा तुटलेले ऊतक मरून काळे पडते. काळा रंग त्या मृत ऊतकाचा असतो, कवकाचा नव्हे. त्या रोगात डोळ्याची रक्तवाहिनी बंद पडल्याने दृष्टी एकाएकी जाते व चेहरा सुजलेला दिसतो. क्रिप्टोकॉकसच्या रोगात चेहरा व डोळे बाहेरून पूर्ववत दिसतात. दोहोंवर एकच औषध वापरले जात असल्यामुळे सामान्य लोकांत ते एकच समजले गेले. त्या वर्षीच्या मे-जून महिन्यांत त्या औषधाचा देशभर जो तुटवडा पडला त्याची झळही दोन्ही प्रकारच्या रुग्णांना बसण्यासारखी होती.

संसर्गाचा मार्ग व प्रवण व्यक्ती : बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात व तेथे बहुधा नष्ट होतात किंवा वर्षानुवर्षे सुप्त राहतात. एच. आय. व्ही. संसर्गात सीडी-४ प्रकारच्या लसीका कोशिकांची संख्या दर घन मिमी. रक्तात १०० च्या खाली गेली म्हणजे सुप्त कवक पुन्हा वाढू लागते, रक्तात उतरते व मेंदूच्या आवरणांत स्थिरावते. हा रोग एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. रुग्णास वेगळे ठेवण्याचे, त्याची भांडी निराळी करण्याचे काहीही कारण नसते. मधुमेह व यकृताचा सूत्रण रोग यांमुळेही धोका काहीसा वाढतो. सांधेदुखी किंवा दमा यांसाठी वैद्याच्या देखरेखीविना महिनोन्‌महिने घेतलेली स्टेरॉइडे हे एक दुर्लक्षित कारण होय. आपण घेत असलेल्या गोळीत वा पुडीत स्टेरॉइड आहे याची रुग्णाला पुष्कळदा कल्पनाही नसते.

एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२० मध्ये जगात एच. आय. व्ही. बाधितांत या रोगाचे सु. १,५२,००० रुग्ण व त्यामुळे सु. १,१२,००० मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घातक कवकांच्या पहिल्या यादीत क्रिप्टोकॉकस निओफॉर्मान्सचा समावेश सर्वाधिक प्राधान्याच्या गटात केला आहे.

तंत्रिका तंत्रावरील परिणाम : सुरुवात बहुतेक डोकेदुखीने होते. ती हळूहळू वाढते, सकाळी व आडवे झाल्यावर अधिक जाणवते आणि नेहमीच्या गोळ्यांनी थांबेनाशी होते. बारीक ताप, मळमळ व ओकाऱ्या होतात. मान ताठणे हे मस्तिष्कावरणशोथाचे सर्वपरिचित लक्षण या रुग्णांत पुष्कळदा नसते, कारण शोथ निर्माण करण्याइतकी शक्तीच प्रतिकार यंत्रणेत उरलेली नसते. काही रुग्णांत स्वभाव पालटतो. रुग्ण अबोल होतो, हिशेब चुकतो, ओळखीची वाट विसरतो, असंबद्ध बोलतो. अशा वेळी घरच्यांचा तर्क मानसिक विकाराकडे किंवा बाहेरच्या बाधेकडे वळतो आणि मोलाचे दिवस निघून जातात.

कवक आवरणांपुरतेच मर्यादित राहत नाही. मेंदूत शिरणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीच्या फटींतून ते आत उतरते व तेथे संपुटद्रव्याने भरलेल्या, साबुदाण्याच्या दाण्यासारख्या बुळबुळीत पोकळ्या तयार होतात. मेंदूच्या तळाकडील राखाडी द्रव्याच्या गुच्छांत त्या विशेष दिसतात. काही वेळा कवकांची घट्ट गाठ बनते व तिच्या जागेनुसार शरीराच्या एका बाजूस दुर्बलता येते किंवा आकडी येते. रक्तवाहिन्यांच्या शोथामुळे मेंदूच्या लहान भागांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आठव्या मस्तिष्क तंत्रिकेस इजा झाल्यास ऐकू येणे कमी होते. बचावलेल्या काही रुग्णांत स्मरणशक्तीची व एकाग्रतेची उणीव पुढेही राहते.

या सर्वांहून अधिक घातक ठरतो तो अंतःकर्परी (कवटीच्या आतील) दाब. मेंदूतील विवरांत दररोज सु. ५०० मिलि. मस्तिष्क-मेरुद्रव तयार होतो. कोणत्याही एका वेळी मात्र तो सु. १५० मिलि. एवढाच असतो. याचा अर्थ हा द्रव दिवसातून तीनचार वेळा पूर्णपणे बदलला जातो. जालतानिका या मधल्या आवरणाच्या सूक्ष्म अंकुरांवाटे तो रक्तात परत शोषला जातो. क्रिप्टोकॉकसच्या कोशिका व त्यांनी सोडलेले चिकट संपुटद्रव्य या अंकुरांत साचून राहते. विहिरीत झरे वाहतच आहेत आणि उपसा मात्र बंद पडला आहे, अशी अवस्था होते. कवटी ताणली जात नसल्यामुळे दाब वाढत जातो. हा अडथळा द्रवाच्या वाटेच्या अगदी शेवटी असतो व द्रव आतून आणि बाहेरून मेंदूवर सारखाच दाबतो. त्यामुळे विवरे फुगत नाहीत आणि मेंदूचे सीटी छायाचित्र सर्वसाधारण दिसू शकते. अशा छायाचित्रावर विसंबून दाब नाही असे मानणे ही चूक पुष्कळदा घडते व ती रुग्णाला महागात पडते.

दृष्टीवरील परिणाम : दृक्-तंत्रिका (डोळ्यातील संवेदना मेंदूकडे नेणारी तंत्रिका) ही वस्तुतः मेंदूचाच पुढे आलेला भाग होय. मेंदूची तिन्ही आवरणे तिच्याभोवती म्यानासारखी नेत्रगोलापर्यंत जातात व त्यांमधील जागेत मस्तिष्क-मेरुद्रवही असतो. त्यामुळे कवटीतील दाब जसाच्या तसा नेत्रगोलाच्या पाठीमागे पोहोचतो, तंत्रिकेतील तंतू आवळले जातात, त्यांतील द्रव्यांचे वहन अडते आणि तंत्रिका नेत्रगोलात शिरते ते दृक्-बिंब सुजते. नेत्रपरीक्षकाने डोळ्याच्या आत पाहिले असता बिंबाच्या कडा पुसट, नीला फुगलेल्या आणि आसपास बारीक रक्तस्राव दिसतात.

रुग्णाला प्रथम जाणवते ते अंधारी येणे. वाकून उठताना किंवा खोकताना काही क्षण दोन्ही डोळ्यांपुढे काळोख पसरतो व लगेच निवळतो. या क्षणिक अंधारीकडे अशक्तपणा म्हणून दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात ती तंत्रिकेला रक्त अपुरे पडत असल्याची सूचना असते. नंतर दृष्टिक्षेत्राच्या कडा आत सरकू लागतात. समोरची अक्षरे वाचता येत असल्यामुळे आपली दृष्टी जात आहे हे रुग्णाच्या लक्षात येत नाही. दाराच्या चौकटीस खांदा लागणे, बाजूने आलेले वाहन न दिसणे अशा गोष्टी आधी घडतात. केवळ तक्त्यावरील अक्षरे वाचून घेण्याने ही हानी उघडकीस येत नाही. दृष्टिक्षेत्र तपासावे लागते. वाढलेला दाब आठवडे टिकला, तर तंतू मरतात, बिंब पांढुरके पडते आणि दृक्-तंत्रिकेची अपपुष्टी होते. ही अवस्था मागे फिरत नाही.

दृष्टी जाण्याची दुसरी तऱ्हा अधिक भयंकर पण कमी आढळणारी आहे. तीत रुग्ण एकदोन दिवसांत, क्वचित काही तासांत आंधळा होतो. कवक स्वतःच दृक्-तंत्रिकेत व तिच्या म्यानात शिरल्याचे शवपरीक्षेत दिसून आले आहे. म्यानाची अरुंद जागा कवकांनी भरून गेल्यावर मेंदूतील वाढलेला दाब नेत्रगोलापर्यंत पोहोचत नाही आणि दृक्-बिंब सुजलेले दिसत नाही. म्हणून बिंबाचे स्वरूप स्वाभाविक असले, तरी दृष्टीला धोका नाही असे म्हणता येत नाही. या प्रकारात गेलेली दृष्टी परत येण्याची आशा फार थोडी असते. मंद व जलद या दोन तऱ्हा वेगळ्या ओळखणे उपयुक्त ठरते, कारण पहिलीत हस्तक्षेपास वेळ मिळतो.

तिसरा परिणाम दृष्टीवर नसून डोळ्यांच्या हालचालीवर होतो. नेत्रगोल बाहेरच्या बाजूस वळविणाऱ्या स्नायूस चेतना देणारी सहावी मस्तिष्क तंत्रिका मस्तिष्कस्तंभापासून निघून कवटीच्या तळाच्या हाडावरून बरीच वर चढते व एका ठिकाणी घट्ट बांधलेली असते. दाब वाढून मेंदू खाली सरकू लागला की, ती ताणली जाते. डोळा आत वळतो व एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात. असा रुग्ण पुष्कळदा आधी चष्म्याच्या दुकानात जातो आणि नवा नंबर घेऊन परततो. महिनाभर डोके दुखत असलेल्या माणसाला एकाएकी दोन दोन दिसू लागले, तर त्याची पहिली गरज चष्म्याची नसते. दाब उतरल्यावर हा तिरळेपणा बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत नाहीसा होतो. तोवर एक डोळा झाकून काम भागविता येते.

एड्सच्या रोग्यात दृष्टी अधू होण्याची इतर कारणेही त्याच वेळी असू शकतात. सीडी-४ संख्या ५० पेक्षा कमी असता सायटोमेगॅलो विषाणू जालपटल (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पडदा) नष्ट करतो. त्यात दुखत नाही, मात्र डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात. क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल या औषधाने दृक्-तंत्रिकेस इजा होऊ शकते. तीत लाल व हिरवा रंग ओळखण्यात गल्लत होते आणि दृष्टिक्षेत्राचा मध्यभाग आधी जातो. क्षयरोग व एच. आय. व्ही. यांची सांगड महाराष्ट्रात नेहमीची असल्यामुळे हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

प्रतिकारक्षमता शाबूत असलेल्या रुग्णांत मात्र चित्र थोडे निराळे दिसते. पापुआ न्यू गिनीमध्ये क्रिप्टोकॉकस गॅटीने बाधित अशा निरोगी प्रौढांत अंधत्वाचे प्रमाण मोठे आढळले व ते मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या तीव्र शोथप्रतिक्रियेमुळे येत असावे, असे मानले जाते. तेथे स्टेरॉइडांचा विचार करता येतो. प्रतिकारक्षमता क्षीण झालेल्या रुग्णास तोच न्याय लावता येत नाही.

निदान : कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढणे (कटिवेधन) हा निदानाचा पाया होय. हाइन्‍रिख क्विंके या जर्मन वैद्यांनी १८९१ मध्ये ही पद्धत प्रचारात आणली. त्यांचाही मूळ हेतू वाढलेला दाब उतरविण्याचा होता, हे येथे सांगण्यासारखे आहे. या रोगात द्रव पुष्कळदा पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यातील कोशिकांची संख्या एड्सच्या रोग्यात जवळजवळ स्वाभाविक असू शकते आणि त्यावरून द्रव निर्दोष ठरविला जाण्याचा संभव असतो. द्रवाच्या थेंबात भारतीय शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता काळ्या पार्श्वभूमीवर संपुटाची स्वच्छ वलये असलेल्या गोल कोशिका दिसतात. ही पद्धत स्वस्त असली, तरी कवके थोडी असताना ती चुकते. आता कागदी पट्टीवरील प्रतिजन परीक्षा उपलब्ध आहे. तीत संपुटाचे प्रतिजन दहापंधरा मिनिटांत ओळखले जाते, वीज किंवा मोठी प्रयोगशाळा लागत नाही आणि ती रक्तावरही करता येते. पोषक माध्यमावर संवर्धन केल्यास दोनतीन दिवसांपासून पुढे मलईसारख्या, ओलसर वसाहती उगवतात.

द्रव काढताना दाब मोजणे आवश्यक असते. आडव्या कुशीवर निजलेल्या प्रौढात तो पाण्याच्या स्तंभाच्या सु. ६० ते २०० मिमी. एवढा असतो, २५० मिमी. किंवा अधिक दाब धोक्याचा मानतात. दाबमापक नळी नसल्यास सलाइनची निर्जंतुक नळी उभी धरून साध्या मोजपट्टीनेही काम भागते. पण दाब मोजलाच नाही, तर निदान अचूक होऊनही रुग्णाची दृष्टी वाचविण्याची संधी हातची जाते.

मेंदूत गाठ असल्याची चिन्हे, उदा., एका बाजूचा अर्धांगवायू वा नुकत्याच आलेल्या आकड्या, असल्यास आधी सीटी छायाचित्र घेणे इष्ट असते.

उपचार : कवकनाशक औषधे व दाबनियंत्रण ही उपचाराची दोन अंगे असून त्यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. ॲम्फोटेरिसीन-बी हे मुख्य औषध व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून १९५० नंतरच्या दशकात मिळाले. ते प्रभावी आहे, परंतु थंडी वाजून ताप आणते, मूत्रपिंडास इजा करते व रक्तातील पोटॅशियम घटविते. मेदद्रव्याच्या सूक्ष्म कोशांत (लिपोसोमांत) गुंडाळल्यास त्याचा उपद्रव कमी होतो. असे भारतीय लिपोसोमयुक्त औषध विकसित करण्याच्या कार्यात मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांचे सहकारी आणि दिल्ली विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ बिमलकुमार बच्छावत यांचा महत्त्वाचा वाटा आहे. फ्लुसायटोसीन हे जोडऔषध मूळ कर्करोगासाठी बनविलेले होते. भारतात ते दीर्घकाळ सहज मिळत नसे. फ्लुकोनॅझोल तोंडाने घेता येते व स्वस्त आहे, पण एकटे दिल्यास ते कवकांचा नाश फार सावकाश करते.

आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसीनची एकच मोठी मात्रा व तिच्या जोडीला दोन आठवडे तोंडाने फ्लुसायटोसीन व फ्लुकोनॅझोल दिले गेले. दहा आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण २४.८ टक्के राहिले. जुन्या पद्धतीत ते २८.७ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ही पद्धत स्वीकारली. पहिल्या दोन आठवड्यांनंतर आठ आठवडे फ्लुकोनॅझोलची मोठी व त्यानंतर किमान वर्षभर लहान मात्रा चालू ठेवतात.

दाब वाढलेला असल्यास एका वेळी सु. २० ते ३० मिलि. द्रव काढून तो २०० मिमी. च्या खाली किंवा फार अधिक असल्यास निम्म्यावर आणतात. द्रव सतत तयार होत असल्यामुळे एकदा काढून भागत नाही. दाब स्थिर होईपर्यंत हे दररोज करावे लागते. युगांडा व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या २०१४ मधील पाहणीत निदानानंतर पुन्हा एकदा तरी द्रव काढलेल्या रुग्णांत सुरुवातीच्या दिवसांतील मृत्यू लक्षणीय कमी आढळले. वारंवार काढूनही दाब उतरत नसल्यास कंबरेत तात्पुरती नलिका ठेवतात किंवा मेंदूच्या विवरापासून उदरपोकळीपर्यंत कायमची नलिका बसवितात. दृष्टी झपाट्याने जात असल्यास दृक्-तंत्रिकेच्या म्यानास छेद देऊन तेथील दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. दाब कमी करण्यासाठी इतर रोगांत वापरली जाणारी औषधे येथे कामी येत नाहीत. ॲसिटाझोलामाइडाची थायलंडमधील चाचणी (२००२) त्याच्या दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडाच्या आशिया व आफ्रिकेतील चाचणीत (२०१६) अपंगत्व व गंभीर दुष्परिणाम अधिक दिसून आले व तीही अर्धवट सोडावी लागली. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथात स्टेरॉइड हितकारक असते. त्यामुळे या दोन रोगांत गफलत झाली, तर औषधच अपाय करते.

एच. आय. व्ही. विरोधी औषधे लगेच सुरू करणे स्वाभाविक वाटते. तथापि पहिल्या एकदोन आठवड्यांतच ती दिल्यास परतणारी प्रतिकारशक्ती मेंदूत तीव्र शोथ निर्माण करते व मृत्यू वाढतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. म्हणून ती सु. चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसीनमुळे फ्लुकोनॅझोलचे रक्तातील प्रमाण घटते, हेही लक्षात घ्यावे लागते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील स्थिती : राष्ट्रीय अंदाजांनुसार एच. आय. व्ही. बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. या रोगाचा विचार मराठवाड्याच्या दक्षिण-पूर्व भागात करावयाचा, तर तो अंतर, स्थलांतर व भीती या तीन गोष्टींना सोडून करता येत नाही. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८) व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था (२००२) ही येथील मोठी शासकीय रुग्णालये असून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय लातूरकरांना जवळचे आहे. एच. आय. व्ही. विरोधी औषधे १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे मोफत दिली जाऊ लागली. २०१७ पासून सीडी-४ संख्या कितीही असली, तरी निदान होताच ती दिली जातात. यामुळे हा रोग पूर्वीपेक्षा कमी होणे अपेक्षित आहे. राहतात ते मुख्यतः दोन प्रकारचे रुग्ण : निदानच उशिरा झालेले आणि औषधे मध्येच सुटलेले.

औषधे सुटण्यामागे बेफिकिरीपेक्षा उपजीविका अधिक असते. बालाघाटच्या डोंगररांगेतील कंधार, मुखेड, जळकोट यांसारख्या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फडावर औषधांचा साठा संपला, तर तेथील केंद्रात आपली ओळख उघड होईल या धास्तीने ती पुन्हा आणली जात नाहीत. दुसऱ्या केंद्रातून औषधे घेण्याची व अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची तरतूद कार्यक्रमात आहे. ती मुकादमाच्या टोळीबरोबर निघालेल्या माणसापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहाराचा आहे. किनवट-माहूरकडील गावे नांदेडपासून १०० किमी.हून अधिक दूर आहेत. दररोज द्रव काढण्याचा उपचार घरी जाऊन-येऊन घेता येत नाही. दोन आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो. डोकेदुखी थोडी उतरताच रुग्णाला घरी नेले जाते आणि दाब पुन्हा चढतो.

भीती आहे ती सुईची. ‘पाठीतले पाणी काढले की कमरेखालचे अंग लुळे पडते’ हा समज महाराष्ट्रात सर्वत्र व मराठवाड्यातही खोलवर रुजलेला आहे. मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या व चौथ्या किंवा चौथ्या व पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. तेथे फक्त द्रवात मोकळ्या तरंगणाऱ्या तंत्रिका असतात व त्या सुईपासून बाजूस सरतात. कटिवेधनानंतर एकदोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे गंभीर उपद्रव विरळ आहेत. हा समज पसरला याला कारणही आहे. पूर्वी सुई शेवटच्या टप्प्यात, रुग्ण बेशुद्ध झाल्यावर घातली जाई आणि त्यानंतर होणारा मृत्यू किंवा पांगळेपणा सुईच्या माथी मारला जाई. या रोगात सुई घातल्यानंतर तासाभरात डोकेदुखी हलकी होते, हे रुग्ण स्वतः सांगतो आणि वॉर्डातील शेजारच्या खाटेवर त्याचा परिणाम समजावणीच्या शब्दांपेक्षा अधिक होतो. संमती घेताना ‘तपासणीसाठी पाणी काढायचे आहे’ असे सांगण्याऐवजी ‘डोळे वाचविण्यासाठी दाब उतरवायचा आहे’ असे सांगितले, तर ते अधिक खरेही असते.

प्रतिबंध : कवकाविरुद्ध लस नाही. मात्र लक्षणे दिसण्याच्या काही आठवडे आधीपासून प्रतिजन रक्तात सापडते. सीडी-४ संख्या १०० पेक्षा कमी असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताची पट्टीवरील परीक्षा करावी, अशी शिफारस त्यामुळेच करण्यात येते. प्रतिजन सापडल्यास कटिवेधन करून मेंदूची आवरणे मोकळी असल्याची खात्री करतात व फ्लुकोनॅझोल सुरू करतात. सर्वांना निदान होताच औषधे देण्याचे धोरण आल्यापासून सीडी-४ मोजण्याकडे काही ठिकाणी दुर्लक्ष होऊ लागले. या रोगापुरते पाहता ते मोजमाप अजूनही अनावश्यक झालेले नाही. [→ एड्स]

दृष्टीचे भवितव्य : दाब लवकर उतरलेल्या रुग्णात दृक्-बिंबाची सूज सहा ते दहा आठवड्यांत ओसरते व दृष्टिक्षेत्र काही अंशी भरून येते. बिंब पांढरे पडल्यानंतर औषधाने वा चष्म्याने सुधारणा होत नाही. अशा व्यक्तीस अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अनुसार अंधत्वाचे किंवा अल्पदृष्टीचे प्रमाणपत्र जिल्हा पातळीवर मिळू शकते. तिच्यापुढील एक व्यावहारिक अडचण अशी की, तिला जन्मभर दररोज गोळ्या घ्यावयाच्या असतात आणि फ्लुकोनॅझोल, एच. आय. व्ही. विरोधी औषध व क्षयरोगाची गोळी यांतील फरक तिला दिसत नाही. डब्यांना वेगवेगळ्या संख्येने गाठी मारलेले दोरे बांधणे, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या निराळ्या आकाराच्या डब्यांत ठेवणे आणि घरातील एका माणसाला रोगाचे नाव न लपविता सर्व समजावून देणे, एवढ्याने हे काम भागते.